जर्मन आजोबांचा तिसरा खंड

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या घरात माणसं तीनच राहायची, आई, बाबा आणि मी. पण जेवताना विषय कायम चौथ्याचा निघायचा. हा चौथा बर्लिनचा डोळ्यांचा डॉक्टर होता, एकोणिसाव्या शतकात नावाजलेला आणि मरून जमाना झालेला. आमचं त्याच्याशी नातं ना गोतं. तरी आमटी वाढून घेता घेता बाबा म्हणायचे, "आजोबांनी पन्नाशी उलटल्यावर अरबी शिकायला घेतली, ठाऊक आहे का तुम्हाला?" ठाऊक असायचंच, त्या आठवड्यातली ती तिसरी खेप असायची. आई म्हणायची, "मग आजोबांना थोडा भात वाढू का?" बाबांना टोमणा कळायचा नाही, किंवा कळला तरी ते तो भाताबरोबर गिळायचे आणि पुढे सुरू व्हायचे. डोळ्यांच्या विद्येतले ते आपले आजोबा, तेव्हा घरात त्यांना आजोबाच म्हणायचं, असा बाबांचा दंडक होता. माझे खरे आजोबा सोलापुरात होते. "आजोबांचं पत्र आलंय," असं आई म्हणाली की मी आधी दचकायची.

या गृहस्थाने केलं काय होतं, तेही सांगायला हवं, कारण ते माझ्या मेंदूत असं ठासून भरलेलं आहे की आता स्वतःचे फोन नंबर विसरते, पण हे विसरत नाही. कारखान्यात काम करताना डोळ्यात उडालेली लोखंडाची कपची विद्युतचुंबक लावून बाहेर ओढायची, ही पद्धत त्याने बसवली. स्वतःचा मोठा दवाखाना चालवला. जगाला फेरी मारली, आपल्या देशातही येऊन गेला. आणि वय झाल्यावर दवाखाना सोडून, डोळ्यांच्या वैद्यकाचा इतिहास लिहायला बसला. इजिप्त, ग्रीस, आपल्याकडचे जुने शल्यवैद्य, अरब, मग सगळा युरोप. खंडांमागून खंड. एकेक खंड विटेएवढा जाड, आणि त्यातलं एकेक वाक्य आमच्या ड्राइव्हवेएवढं लांब. बाबा तरुणपणी दोन वर्षं जर्मनीत शिकायला होते, तिथे त्यांना हे ग्रंथ भेटले आणि आमच्या घराला ग्रहण लागलं.

बाबा सोलापुरात डोळ्यांचे डॉक्टर होते, चांगले, हाताला यश असलेले. मामाने आम्हाला अमेरिकेत बोलावलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. इथे परत परीक्षा, परत रेसिडेन्सीची उमेदवारी, हे सगळं पंचेचाळिशीत करायचं बाबांनी नाकारलं आणि मॉलजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. ज्यांनी हजारो मोतीबिंदू काढले ते लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवू लागले. त्याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. त्याऐवजी त्यांनी ठरवलं की आजोबांचा इतिहास मराठीत आणायचा. सगळे खंड. आई एका विमा कंपनीत फाइली लावायची, ती म्हणाली, "अहो, पण वाचणार कोण?" बाबा म्हणाले, "आजोबांनी विचारलं होतं का, वाचणार कोण?" यावर आईने कपाळाला हात लावला आणि कुकर चढवला.

हे चालू असतानाच बाबांना दिसेनासं होत होतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या सोळाव्या वर्षी ते मला कळलं, आणि घरात आईला ऑफिसला, मला शाळेला, सगळ्यांना सगळीकडे नेणारी एकुलती एक गाडी बाबाच चालवत असताना मी ते आईपासून लपवून ठेवलं. हे प्रकरण त्या चार महिन्यांबद्दल आहे. आजोबांना मध्ये घेतल्याशिवाय ते सांगता येत नाही, हाही एक वैतागच.

कामाची पद्धत अशी होती. शनिवारी आणि रविवारी दुपारी, जेवणं झाली की डायनिंग टेबल पुसायचं, त्यावर बाबांचा खंड आणि माझ्यापुढे लांबट पिवळं पॅड. बाबा जर्मन वाचणार, मनात मराठी जुळवणार आणि मोठ्याने सांगणार, मी लिहायचं. "डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागत नाही," हे कारण दिलं जायचं. वाक्य सांगताना मध्येच हात वर करून म्हणायचे, "थांब, क्रियापद येतंय." क्रियापद यायला कधी कधी अख्खं मिनिट लागायचं. तेवढ्यात हीटरची घरघर सुरू व्हायची, शेजाऱ्यांचं गॅरेजचं दार गडगडत वर जायचं, आई स्वयंपाकघरात रविवारच्या डोशाचं पीठ वाटायची, आणि मी पेन तोंडात धरून बर्लिनच्या क्रियापदाची वाट बघत बसायची. विरामचिन्हंसुद्धा ते सांगायचे. "स्वल्पविराम. पूर्णविराम. नवा परिच्छेद." सवय इतकी जडली होती की एकदा पोस्टातल्या बाईला "थँक यू, पूर्णविराम," म्हणून आले.

माझ्या वर्गातल्या मुली शनिवारी दुपारी मॉलमध्ये हिंडायच्या. माझी मैत्रीण डेबी फोन करायची आणि मी काय सांगणार? की मी मेलेल्या जर्मन माणसाचा इतिहास मराठीत लिहून घेतेय? "आय हॅव अ फॅमिली थिंग," म्हणायची मी. वर शाळेत मी जर्मन भाषा घ्यावी असा हुकूम होता. मार्क कमी पडले की, "आजोबांनी पन्नाशीत अरबी शिकली आणि तुला पंधराव्या वर्षी जर्मन जमत नाही?" मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग यायचा की बर्लिनच्या नकाशावर पेन टोचायची. आज हे लिहिण्याइतकं माझं मराठी धड राहिलं ते त्या पिवळ्या पॅडांमुळेच, हे मला कळतं. कळून राग कमी होत नाही.

दसऱ्याला आमच्याकडे लोक पाटी-पुस्तक पुजतात तशी बाबांची पूजा असायची: डोळ्यात बघायचा बॅटरीचा टॉर्च, भिंगांची मखमली पेटी, आणि मागे आजोबांचे खंड, त्यांना झेंडू मिळायचा नाही म्हणून कार्नेशनची फुलं. सावर क्रीम आणि क्रीम चीज फेटून आई श्रीखंड करायची. चक्क्याच्या जवळपास जाणारं आणि शेवटच्या घासाला भलतीकडेच वळणारं. आणि श्रीखंड ताटात पडण्याआधी सगळ्यांचे डोळे तपासले जायचे. हा आमच्या घरचा कुळाचार. जिन्याच्या भिंतीवर सोलापूरहून आणलेला तक्ता लावलेला होता, देवनागरी अक्षरांचा, वर मोठं 'क' आणि खाली बारीक होत जाणारी अक्षरं. एकेकाने दहा पावलांवर उभं राहून एक डोळा झाकून वाचायचं. आम्ही वर्षानुवर्षं तोच तक्ता वाचत होतो. तो मला पाढ्यांसारखा पाठ होता, आईला पाठ होता, दसऱ्याला येणाऱ्या देशमुख काकूंनाही पाठ झाला होता. शेवटी बाबा स्वतः उभे राहायचे आणि तळाच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचायचे, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. डोळ्यांच्या डॉक्टरच्या घरात डोळे तपासायची ही तऱ्हा! माझा उजवा डोळा कच्चा आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्या तक्त्यावर बाबांनी वीस वर्षं पेशंट तपासले होते. त्यांना तो पाठ असणारच, हा साधा विचार तिथे टाळ्या वाजवणाऱ्या एकालाही शिवला नाही.

त्या दसऱ्यानंतरच्या एका रविवारी बाबा आजोबांच्या चुंबकाबद्दल सांगत होते आणि मला कुठल्याशा गावाचं स्पेलिंग हवं होतं. म्हणून मी वाकून त्यांच्यापुढच्या पानात पाहिलं. पानावर वाक्यंच नव्हती. नावांचे आणि आकड्यांचे रकाने होते. खंडाच्या शेवटची सूची उघडून बाबा भलं मोठं वाक्य सांगत होते, क्रियापदासकट. मी विचारलं, "बाबा, हे तर सूचीचं पान आहे?" ते म्हणाले, "हो, संदर्भ बघतोय," आणि पान उलटलं.

मला वाटलं, बाबा थापा मारताहेत. आजोबांच्या नावावर स्वतःचंच काहीतरी दडपून देताहेत. माझे शनिवार-रविवार खाऊन वर थापा! मी सूड घ्यायचं ठरवलं. पुढच्या शनिवारी टेबल पुसताना मी खंड खाली ठेवला आणि त्याच्या जागी माझं केमिस्ट्रीचं पुस्तक ठेवलं. जाडी साधारण तीच, पुठ्ठा तसाच. बाबा आले, बसले, चष्मा नीट केला, पुस्तक उघडलं, पानावरून तळहात फिरवला. पानावर रंगीत परीक्षानळी होती. बाबा म्हणाले, "हं, लिही. अरबी वैद्यांनी मोतीबिंदूसाठी, स्वल्पविराम, पोकळ सुई वापरल्याचे उल्लेख…" आणि मी लिहायला लागले. खरंच. सवयीने अर्धी ओळ लिहिली. मग पेन थांबलं. बाबांनी पान उलटलं आणि पुढे सांगत राहिले, चेहरा अगदी शांत, डोळे पानाच्या जरा वर.

"बाबा," मी म्हटलं, "हे माझं केमिस्ट्रीचं बुक आहे."

स्वयंपाकघरात आई नव्हती, शेजारी गेली होती. बाबांनी पुस्तक मिटलं. पुठ्ठ्यावर बोटं फिरवली. ते ओरडण्याची वाट मी बघत होते. ते म्हणाले, "किती दिवस झाले तुला कळून?"

"आत्ताच कळलं. यू कान्ट सी?"

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं." एवढंच सांगितलं त्यांनी, आणि मग ज्या आवाजात ते कधीच बोलायचे नाहीत त्या आवाजात म्हणाले, "आईला सांगू नकोस, मधू. हा खंड पुरा होईपर्यंत नको."

इथे मी काय केलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी घाबरले, हे खरं. रडू आलं, हेही खरं. पण त्या रडण्याच्या मध्येच मला एक गोष्ट स्वच्छ दिसली, आणि मी म्हटलं, "मग शनिवारी मी लिहिणार नाही. सॅटर्डेज आर माइन." बाबांनी लगेच मान हलवली. इतकी लगेच की मला लाज वाटायला हवी होती. "चालेल," म्हणाले, "फक्त रविवार." पुढच्या शनिवारी मी डेबीबरोबर मॉलमध्ये हिंडत होते आणि मीठ लावलेलं प्रेट्झेल खात होते.

त्यानंतर मला एकेक उलगडायला लागलं आणि प्रत्येकाचा वेगळा त्रास झाला. बाबा माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायचे. मला वाटायचं माझ्याकडे लक्षच नाही. त्यावरून मी कितीदा रुसले होते. आता कळलं की मधलं पुसलेलं असल्यामुळे माझा चेहरा दिसायला त्यांना नजर बाजूला न्यावी लागत होती. दुकानात तपासणीच्या खोलीत मदतीला जाणं सोडून त्यांनी नुसतं फ्रेमा बसवायचं काम मागून घेतलं होतं, ते हाताने होतं. दार वाजलं की ते आधी "कोण, देशमुख का?" म्हणायचे, आणि आम्हाला ते आगत्य वाटायचं. अंधुक उजेडात धडपडणारा, भिंतीला हात लावत चालणारा माणूस आंधळा आहे हे आपण ओळखतो. बाबा ताठ चालायचे, जिने भराभर उतरायचे, आणि रोज सकाळी गाडी काढायचे.

मी गाडीत पुढे बसायला लागले. आई म्हणाली, "आज पुढे? बापलेकीचं फारच गूळपीठ जमलंय." मी सिग्नल लाल झाला की "रेड" म्हणायची, जणू स्वतःशीच. "बाबा, स्लो करा." "बाबा, डावीकडून ट्रक." मागच्या सीटवरून आई म्हणायची, "पंधरा वर्षांची पोर आणि गाडी शिकवतेय बापाला!" बाबा हसायचे. मला त्यांचा गळा धरावासा वाटायचा. सांगितलं तर काय होणार ते मला दिसत होतं: आईला गाडी येत नव्हती, बस नावाची गोष्ट आमच्या भागात औषधाला नव्हती, तिची नोकरी, बाबांची नोकरी, माझी शाळा, सगळं त्या एका किल्लीला लटकलेलं. नाही सांगितलं तर काय होईल, हा विचार मी शनिवारी करायची नाही. बाकी सहा दिवस करायची.

इथे एक आजची गोष्ट सांगते. ते मूळ जर्मन खंड आता कॉम्प्युटरवर कुणालाही वाचता येतात, आणि गेल्या हिवाळ्यात मी आमच्या पिवळ्या पॅडांशी ते ताडून पाहायला बसले. माझी मुलगी म्हणाली, "मॉम, जस्ट रन इट थ्रू अ ट्रान्सलेटर." म्हटलं, बाई गं, तू दूर हो. बाबांनी जे पाठ सांगितलं होतं ते बरंचसं बरोबर निघालं, याने मी थक्क झाले. पण मधूनच बर्लिनच्या त्या दवाखान्यात एक माणूस शिरतो, मागावर काम करताना डोळ्यात कपची गेलेला. त्याची बायको बाहेर कडी धरून उभी असते, आणि तो बरा झाल्यावर डॉक्टरांना चादर आणून देतो. हा पेशंट आजोबांच्या कुठल्याही पानावर नाही. तो सोलापूरचा आहे. त्याने दिलेली चादर आमच्या घरात माझ्या लहानपणापर्यंत होती. असे अकरा पेशंट मी आतापर्यंत शोधलेत. इतिहासाच्या ग्रंथात स्वतःचे पेशंट घुसवायचे, आणि ते आता बाहेर कसे काढायचे हे मी बघायचं! बाहेर काढवत नाहीत, हा आणखी वेगळा ताप.

संक्रांतीला देशमुख काकूंकडे हळदीकुंकू होतं. काकू मूळच्या नागपूरच्या, अख्ख्या गावाला गूळपोळ्या पुरवणाऱ्या. आई त्यांच्या मदतीला सकाळीच गेली होती. दुपारी तिला आणायला बाबा आणि मी निघालो. दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, मध्ये ओला रस्ता, आणि ऊन इतकं की माझेच डोळे दिपत होते. मी एका मैत्रिणीच्या घराकडे बघत होते, डावीकडे. समोर पाहिलं तेव्हा रस्त्याच्या बरोबर मध्यावर एक मूल होतं, निळ्या टोपीतलं, घसरगाडी दोरीने ओढत चाललेलं. बाबा सरळ चालले होते, आजोबांबद्दल काहीतरी सांगत. मी किंचाळले. बाबांनी ब्रेक दाबला, गाडी आडवी घसरली आणि बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. मूल तिथेच उभं होतं. आमच्याकडे बघितलं, आणि दोरी ओढत पलीकडे गेलं.

बाबा म्हणाले, "काय होतं?"

कोण होतं नव्हे, काय होतं. "पोर होतं, बाबा," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. मग त्यांनी सावकाश गाडी मागे घेतली आणि आम्ही काकूंकडे गेलो. आईने तिळगूळ दिला, काकू म्हणाल्या, "काय झालं वो भाऊजी, तोंड असं का करून राहिले?" बाबा म्हणाले, "थंडी." मी तिळगूळ चघळत उभी राहिले आणि बोलले नाही. आता सांगायचं तर एवढे दिवस का नाही सांगितलं, हे विचारलं जाणार होतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, म्हणूनच मला तोंड उघडता येत नव्हतं.

फेब्रुवारीत बाबांच्या लायसन्सची मुदत संपत होती, आणि मला शिकाऊ परवाना काढायचा होता. बाबा म्हणाले, दोघं एकदमच जाऊ. लायसन्सच्या ऑफिसात डोळे तपासतात, मला वाटलं, बरं झालं, आता सरकारच काय ते करेल. पण तिथल्या पार्किंग लॉटमध्ये गाडी उभी करून ते म्हणाले, "तू रांगेत माझ्या पुढे राहा. आणि अक्षरं जरा मोठ्याने वाच."

मला समजायला दोन क्षण लागले. आमच्या घरात तक्ता एकच होता आणि तो कधी बदलत नव्हता. इथेही तसंच असणार, असं बाबांनी धरलं होतं. मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं, आणि पाठ म्हणायचं. शनिवार घेतला तेव्हा मी गप्प राहण्याचा सौदा केला होता. हे त्यात नव्हतं. पण मी "नाही" म्हटलं नाही. आम्ही रांगेत उभे राहिलो. माझी पाळी आली. काउंटरवरच्या बाईंनी यंत्राकडे बोट केलं, मी कपाळ टेकवलं, आणि आत पाचवी ओळ स्वच्छ दिसली. मागे बाबांचा श्वास ऐकू येत होता. मी त्या बाईंकडे झुकले आणि इतक्या हळू वाचलं की त्यांनाही कान पुढे करावा लागला. त्यांनी मान डोलावली, शिक्का मारला. "नेक्स्ट."

बाबा पुढे झाले. कपाळ टेकवलं. बाईंनी पाचवी ओळ वाचायला सांगितली. त्यांनी पुन्हा सांगितलं. बाबांनी डोकं किंचित डावीकडे केलं, उजवीकडे केलं. "सर? एनी लेटर?" त्या चांगल्या बाई होत्या, वरची मोठी ओळ वाचून बघा म्हणाल्या. बाबांनी कपाळ उचललं आणि सोलापूरच्या दवाखान्यात रोग्याच्या नातेवाइकांशी बोलत तशा आवाजात म्हणाले, "नो, मॅडम. आय कॅनॉट सी इट." मग रुमाल काढून यंत्रावरची स्वतःच्या कपाळाची ओल पुसली.

आता गंमत बघा. बाबांचं लायसन्स गेलं, माझ्या हातात शिकाऊ परवाना, आणि त्यावर लायसन्सवाल्या माणसाशिवाय चालवायला बंदी. गाडी बाहेर उभी आणि आम्ही दोघं आत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी आईच्या ऑफिसला फोन केला, की देशमुख काकूंना घेऊन ये. का, ते सांगितलं नाही.

"हळू वाचलंस," बाबा म्हणाले.

"हो."

"मुद्दाम."

"हो, मुद्दाम! त्या दिवशी ते पोर मेलं असतं, बाबा!" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. बाबा माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "त्या दिवसापासून मला झोप नाही." मग एकेक सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, हे त्यांनी चार वर्षांपूर्वी स्वतःच ओळखलं होतं. यावर औषध नाही, आजोबांच्या सगळ्या खंडांतही नाही. आणि मग, देवाशपथ, त्याच खुर्चीवर, मी नाक पुसत असताना ते म्हणाले, "तिसरा खंड निम्मा राहिला गं. तुझं जर्मन आता बरं झालंय. तू वाचशील का मला?" मी म्हटलं, "बाबा, आत्ता? राइट नाऊ?" ते म्हणाले, "आत्ता नव्हे, घरी गेल्यावर."

आई आली ती कोटाची बटणं उलटसुलट लावून, मागे किल्ल्या हलवत काकू. बाबा उठून उभे राहिले आणि एका वाक्यात सांगितलं. आई आधी त्यांच्या चेहऱ्यासमोर हात हलवून बघायला लागली, मग तिला रडू फुटलं, मग ती जी भडकली ती त्या सगळ्या हॉलने ऐकली. "या पोरीला घालून रोज गाडी चालवत होतात तुम्ही? मला घालून?" बाबा "हो" म्हणत होते, प्रत्येक प्रश्नाला हो. आणि मग ती माझ्याकडे वळली. "तुला कधी कळलं?"

"दसऱ्यानंतर."

"आणि तू गप्प बसलीस? का?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी बाबा बोलले. "मी शपथ घातली होती तिला. खंड पुरा व्हावा म्हणून गप्प राहिली ती. माझ्या पुस्तकासाठी." जे बाबा पोस्टातल्या बाईलाही पूर्णविराम सांगून आले होते, ते हे एका दमात, सरळ, न अडखळता बोलले. काकूंनी डोळे पुसले. "पहा बाप्पा, पोरगी! बापासाठी किती करून राहिली!" आईने माझं डोकं स्वतःच्या कोटात दाबलं. मला सांगता आलं असतं. त्या कोटाच्या लोकरीतून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

पुढे आई पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. मी कॉलेजला जाईपर्यंत दर शनिवारी आणि रविवारी बाबांना जर्मन वाचून दाखवलं आणि तिसरा खंड पुरा झाला. चौथा झाला नाही. बाबांनी त्या सौद्याची मला एकदाही आठवण करून दिली नाही, रागातसुद्धा नाही, आणि ते जाऊन आता बारा वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत लोक माझी ओळख करून देतात ती वडिलांच्या ग्रंथासाठी गुपित सांभाळणारी लेक म्हणून. मी मान खाली घालते. त्यांना तो विनय वाटतो.

आई आता पंच्याऐंशीची आहे, माझ्याजवळच वृद्धांच्या एका केंद्रात राहते. परवा गेले तेव्हा नव्या नर्सला माझी गोष्ट सांगत होती. "शी नेव्हर टोल्ड मी. फॉर हर फादर्स बुक." मला एकदम सहन होईना. मी तिचा हात धरून म्हटलं, "आई, पुस्तकासाठी नाही गं. मला शनिवार मोकळा हवा होता, म्हणून मी गप्प बसले." आईने माझ्याकडे नीट पाहिलं.

"कुठला शनिवार?" ती म्हणाली, आणि नर्सकडे वळून माझं कौतुक पहिल्यापासून सांगायला लागली.